उष्टी गाडी

सुरुंग उडायच्या आधी लाल झेंडी फिरायची, लांब शिट्टी वाजायची आणि माय चुलीवरचं भांडं उतरवून जमिनीवर ठेवायची. एकदा ती विसरली तेव्हा छपराची माती लाखोळीच्या डाळीत पडली होती आणि ती डाळ आम्ही वरवरची माती काढून खाल्ली होती. पहिला धमाका डोंगराच्या पोटातून यायचा, दुसरा समोरच्या टेकडीवर आपटून परत यायचा आणि मग थोडा वेळ जंगलात एकही पाखरू बोलायचं नाही. त्या शांततेत बाबांचा आवाज ऐकू यायचा. ते रेल्वेच्या मातीकामावरच्या टोळीचे मेट होते, म्हणजे मजुरांचे मुकादम आणि साहेबांच्या शिव्यांचे पहिले धनी. लाईन खालच्या जंक्शनपासून निघून, धानाची शेतं मागे टाकून, सागाच्या जंगलातून आमच्या डोंगरावर चढत होती. माथ्यावर कोहकाटोला नावाचं गाव होतं आणि गावाच्या पलीकडे बांबू आणि लोहदगड भरायची जागा. लाईन त्या बांबूसाठी आणि दगडासाठी होती. गाव वाटेत होतं, एवढाच गावाचा तिच्याशी संबंध.

मी पुढे आयुष्यभर वर्तमानपत्राच्या डेस्कवर काम केलं. ‘दुर्गम भागात रेल्वे पोहोचली’ या अर्थाचे मथळे मी स्वतः दिले आहेत. मथळ्यात पोहोचते ती रेल्वे. भाग जिथे असतो तिथेच असतो. हे मला मथळे देताना माहीत होतं, कारण मी त्या भागातच वाढले होते. पण मथळ्याला जागा कमी असते.

काम डोंगरमाथ्यावर पोचलं तेव्हा टोळीच्या झोपड्या खाली राहिल्या आणि आमचं एकच घर वर गेलं. बाबांना सामानावर लक्ष ठेवायचं होतं. कोहकाटोल्यात घर बांधायला जागा हवी तर गायत्याला विचारावं लागे. गायता म्हणजे गावच्या देवाधर्माचं पाहणारा माणूस. त्याचं नाव डोलू मडावी. उंच, वाकलेला, कानात बाळ्या, बोलताना समोरच्याकडे न पाहता पायाच्या अंगठ्याकडे पाहणारा. त्यानं जागा दाखवली आणि आपल्या घरच्या चुलीतला विस्तव मातीच्या खापरीत घालून स्वतः आणून दिला. आमचं घर दीक्षा घेतलेलं, भिंतीवर बुद्धाची तसबीर, बाबांचा देवदेवस्कीला कडक नकार. ते क्षणभर थांबले. पण पावसानं काडेपेटी सादळली होती आणि माय ओल्या लुगड्यात उभी होती. विस्तव म्हणजे विस्तव, असं म्हणून त्यांनी तो घेतला. त्या दिवशी मायनं त्यावर तांदळाची पेज केली. गायत्याची बायको जुरीबाई दारात बसून होती. पेज उतू आली तेव्हा ती हसली आणि उठून गेली.

गाडी सुरू होईपर्यंत दोन वर्षं आम्ही त्या घरात काढली. माय जुरीबाईबरोबर मोहफुलं वेचायला जायची, पावसाळ्यात बांबूचे कोवळे वास्ते आणायची, अंबाडीची भाजी सुकवायची. जुरीबाईला मराठी थोडं येई, मायला गोंडी त्याहून थोडं, तरी दोघी दिवसभर बोलत. बाबांचं मात्र गावाशी जमलं नाही. संध्याकाळी पारावर ते जाऊन बसत तेव्हा लोक सरकून जागा देत, तंबाखू पुढे करत आणि गोंडीत आपलं बोलणं सुरू ठेवत. घरी आल्यावर बाबा मायला सांगत, हे लोक आपल्याला परके समजतात.

उन्हाळ्यात एक गोष्ट मला नवी होती. गावामागच्या आमराईत आंबे पिकून खाली पडत आणि कोणी उचलत नसे. पोरंही नाहीत. पडलेल्या आंब्यावर पाखरं बसत, माश्या बसत, पोरं बाजूनं चालत जात. मी विचारलं तर जुरीबाईनं सांगितलं की पंडुम झालेला नाही. पंडुम म्हणजे नव्याचा सण. वर्षाचं नवं फळ, नवं धान्य, नवा मोह, जे काही नवं येईल ते आधी पूर्वजांना आणि पेनाला, म्हणजे देवाला, द्यायचं. गायता ते करतो, मग गाव खातं. तोवर कोणी चाखत नाही. बाबांनी हे ऐकलं आणि म्हणाले, आंबा खायला बी यायले मंजुरी लागते, वरून हुकूम आल्याबिगर काम नाई, रेल्वेसारखंच आहे हे. माय हसली नाही.

लाईन पुरी होत आली तेव्हा ठरलं की कोहकाटोल्याला हॉल्ट द्यायचा. मालगाडीला माणसांसाठी एक डबा जोडायचा, सकाळी वर जाताना आणि संध्याकाळी खाली येताना. ती हॉल्टवर आपणहून थांबायची नाही. फलाटावरून लाल झेंडी दाखवली तर थांबायची. तिकीट विकायला आणि झेंडी दाखवायला एक एजंट. बाबांनी मेटगिरी सोडली आणि हॉल्ट मागून घेतला. त्यांना आयुष्यात पहिल्यांदा टेबल मिळालं, पुठ्ठ्याच्या तिकिटांचं लाकडी कपाट मिळालं, खिडकी मिळाली. त्याहून मोठी गोष्ट माझी होती. मी सातवी झाले होते. आठवीची शाळा गावापलीकडे, दगड भरायच्या जागेच्या वसाहतीत होती, चालत गेलं तर दिवस मोडायचा आणि पावसात दोन नाले अडवायचे. गाडी असली तर मी सकाळी तिकीट काढून शाळेत जाणार होते, संध्याकाळच्या गाडीनं परतणार होते आणि रात्री घरी जेवणार होते. नसली तर शाळा नाही, किंवा घर नाही. खालून आलेल्या वाहतूक निरीक्षकानं बाबांना स्पष्ट सांगितलं होतं की हॉल्ट प्रायोगिक आहे. माणसं चढली तर राहील, नाही चढली तर उठेल.

उद्घाटनाला एक मंत्री आले. इंजिनाला केळीचे खांब, झेंडूच्या माळा, मागे ढकलायला लावलेल्या दुसऱ्या इंजिनालाही एक माळ. चढ इतका होता की एका इंजिनानं गाडी वर येत नसे. भाषणात आमच्या भागाचा उल्लेख अंधार असा बराच वेळ झाला. कोहकाटोल्याचे लोक फलाटावर आले नाहीत. ते समोरच्या मोहाच्या झाडांखाली उभे राहून पाहत होते, बायका, पोरं, म्हातारे, सगळे. भीती दिसत नव्हती. खुशीत होते. मंत्री गेल्यावर गायता आला आणि रुळाला हात लावून पाहिला.

“रामटेकेभाऊ, चांगलं झालं,” तो म्हणाला. “पुनवेले पंडुम करू. मंग बसू सगळे.”

बाबांनी विचारलं, तोवर?

“तोवर नाई. नवी आहे ना.”

मंत्री बसून गेला ना, असं बाबा म्हणाले. गायत्यानं अंगठ्याकडे पाहत सांगितलं, तो बसला, त्याचं त्याले. मग त्यानं पंडुमाची पद्धत समजावली. गाडी त्यांचा डोंगर फोडून आली होती, म्हणजे डोंगराचं नवं फळच. पहिली फेरी पेनाची. त्यात माणूस बसणार नाही. गायता चालत्या गाडीवर तांदूळ टाकेल, पेन तिच्यावर बसून जाईल, आणि मग परतीच्या गाडीत गाव. आसपासच्या गावांनाही निरोप गेले होते. बाबांना हे बालिश वाटलं, पण पौर्णिमा फार लांब नव्हती. त्यांनी मान हलवली.

गाडी रोज येऊ लागली. बाबा इस्त्रीचा सदरा घालून खिडकीत बसत. चढायला कोणी नसे, म्हणून लाल झेंडी न दाखवता हिरवी दाखवत आणि गाडी शिट्टी देऊन पुढे जाई. तिसऱ्या-चौथ्या दिवशी डब्याच्या दारात निरीक्षक उभा दिसला. तो रिकाम्या फलाटाकडे पाहत पुढे गेला आणि संध्याकाळी परत येतानाही पाहत गेला. त्या दिवशी बाबा जेवले नाहीत.

माय म्हणाली, “पुनवेले किती दिवस राह्यले? थांबा ना जरासे.”

“निरीक्षक पुनवेची वाट पाह्यल का? त्याले रिकामा फलाट दिसून राह्यला.”

“जुरीबाई म्हणते, सगळे येतीन. बारा गावचे येतीन.”

“अन् तोवर हॉल्ट उठला तर? पोरीले कुठी टाकू मी?”

 माय एवढंच म्हणाली की आपण तरी त्यांच्या आधी बसू नये. बाबांचं म्हणणं नेमकं उलट होतं. कोणीतरी बसून दाखवल्याशिवाय हे लोक बसणार नाहीत. यांना भीती वाटते, तोंडानं पंडुम म्हणतात. आपण जाऊन परत आलो, धडधाकट आलो, की लोक आपोआप येतील. माणसाला समजून सांगण्यापेक्षा करून दाखवलेलं पटतं, असा त्यांचा मातीकामातला अनुभव होता. नवी टोळी कटिंगच्या, म्हणजे लाईनसाठी फोडलेल्या डोंगराच्या, कड्याखाली जायला कचरली की ते स्वतः आधी जाऊन उभे राहत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी स्वतःच्याच कपाटातून तिकिटं काढली, शिक्का मारला, खिडकी बंद केली, लाल झेंडी दाखवली आणि आम्हाला घेऊन गाडीत बसले. खाली जायचं, जंक्शनला मुक्काम करायचा, सकाळच्या गाडीनं वर यायचं. मी ती फेरी विसरलेली नाही. डबा पूर्ण रिकामा होता. लाकडी बाकं, रंगाचा वास. ज्या कटिंगच्या धमाक्यांनी आमची डाळ खराब झाली होती त्या कटिंगमधून आम्ही बसून गेलो, दोन्ही बाजूंना ओला काळा दगड हाताच्या अंतरावर. वळणावर मागचं इंजिन दिसलं तेव्हा बाबा मला खिडकीतून हात करून दाखवत होते. ही त्यांनी भरलेली माती, हा त्यांच्या टोळीचा पूल. मायनं जवसाची चटणी आणि भाकरी सोडली. बाबा फार बोलत होते. मी त्यांना तितकं बोलताना परत पाहिलं नाही.

सकाळी वर आलो तेव्हा गाव फलाटासमोर उभं होतं. गार्डनं गाडी थांबवली आणि आम्ही तिघं उतरलो. बाबांनी मुद्दाम दोन्ही हात पसरून दाखवले, बघा, काही झालं नाही.  जुरीबाईनं मायकडे पाहिलं, तोंडावर पदर घेतला आणि वळून चालू लागली. तिच्या मागे बाकीच्या बायका गेल्या. थोड्या वेळानं गायता आमच्या दारात आला. उंबऱ्याच्या बाहेर उकिडवा बसला.

“तुमी बसले म्हणते.”

“बसलो. काय झालं?”

“घरचे सगळे?”

“सगळे.”

 गायता म्हणाला, “मंग उष्टी झाली.”

बाबा चिडले. “साहेब बसले, मंत्री बसला, डायवर रोज बसते. त्यायनं नाई झाली, आमच्यानं झाली?”

“पाखरानं आंबा टोचला त आंबा उष्टा होत नाई, भाऊ. घरच्यानं चाखला का होते. तुमी आमच्या विस्तवाचे.”

बाबांनी विचारलं की दंड काय. कोंबडं, बकरं, जे असेल ते देतो, देव मानत नसलो तरी देतो. गायता म्हणाला, दंड नाही, तुम्ही वाईट काही केलं नाही. पण उष्टं पेनाला दाखवता येत नाही. वर्ष फिरलं की डोंगराचं सगळं परत नवं होतं, गाडीही होईल. तेव्हा करू. पुढच्या साली. हे त्यानं धीर द्यावा तसं सांगितलं आणि निघून गेला.

माय चुलीजवळ बसली होती. ती बाबांकडे न पाहता म्हणाली, “दोन साल तुमी म्हणून राह्यले, हे लोक आपल्याले परके समजते. समजलं का आता, काय समजत होते ते?”

 बाबा उठले आणि सकाळची गाडी केव्हाच गेलेली असताना फलाटावर जाऊन बसले.

मी या प्रसंगाचा विचार वर्तमानपत्राच्या सवयीनं अनेकदा केला आहे. दोन्ही बाजूंची प्रतिक्रिया घ्यायची असते. निरीक्षक म्हणाला असता, नियम आहे. गायताही तेच म्हणाला असता. बाबा एकटेच असे होते की ज्यांच्याकडे नियम नव्हता, घाई होती.

त्यानंतर जे दिसत होतं ते असं. बाजाराच्या दिवशी, मार्कंड्याच्या जत्रेला, आजाऱ्याला खाटेवर घालून दवाखान्यात नेताना, गाव लाईनच्या कडेनं चालत जाई. वाट चांगली झाली होती, गिट्टी होती, पूल होते. शेजारून गाडी जाई, डबा रिकामा, आणि चालणारे लोक बाजूला होऊन तिला वाट देत. काही पोरं हात हलवत. बाबा खिडकीत बसून हे पाहत. तिकिटांचं कपाट ते रोज पुसत. निरीक्षक दोनदा येऊन गेला. दुसऱ्यांदा त्यानं चहाही घेतला नाही. पावसाळ्यात हुकूम आला, हॉल्ट उठवला. टेबल, कपाट, झेंड्या, कंदील, सगळं परत गेलं. बाबांनी आपल्या हातानं खिडकीवर बाहेरून फळी ठोकली. मला खाली जंक्शनच्या शाळेत घालून मुलींच्या वसतिगृहात ठेवलं. तिथल्या भाताला सोड्याचा वास यायचा.

हॉल्ट उठल्याचं बाबांनी गावात सांगितलं नाही. गावानं आपला अर्थ लावला. खिडकी बंद आहे, भाऊ लाल झेंडी दाखवत नाही, म्हणून गाडी थांबत नाही. भाऊला उशिरा का होईना समजलं, पंडुमपर्यंत त्यानं सगळं बंद ठेवलं. पारावर बाबांसाठी आता लोक मराठीत बोलू लागले. घरी वास्ते येऊ लागले, मधाचं पोळं येऊ लागलं. माय रोज म्हणायची, सांगा. बाबा रोज म्हणायचे, सांगतो. त्यांच्या डोक्यात एक हिशेब होता. पंडुमाला बारा गावं येणार. फलाट भरलेला रेल्वेनं एकदा पाहिला की हॉल्ट परत मिळेल. ते जंक्शनला जाऊन निरीक्षकाला भेटले. त्या एका संध्याकाळी परतीची गाडी थांबवा, मग काय ते ठरवा, असं म्हणाले. निरीक्षक म्हणाला, बघू. काही असेल तर सकाळच्या गाडीच्या गार्डबरोबर कळवतो.

वर्ष फिरलं तेव्हा पंडुमासाठी मला वसतिगृहातून रजा मिळाली होती. खालून चालत आले. पायवाटांनी लोक येत होते, बायकांच्या केसांत कंगवे आणि फुलं, पुरुषांच्या खांद्यावर ढोल, म्हातारे पोरांच्या पाठीवर. फलाट भरला, फलाटाखालचा उतार भरला. गायता नवं धोतर नेसून रुळाशी उभा होता, हातात तांदळाची टोपली. बाबांनी इस्त्रीचा सदरा घातला होता. ते फलाटाच्या टोकाला गाडीकडे तोंड करून उभे राहिले.

गाडी आली. ढोलांचा आवाज इंजिनाखाली दबला. ड्रायव्हरनं गर्दी पाहून शिट्टी धरून ठेवली आणि गाडी आपल्या वेगानं पुढे गेली. गावाला ते अपेक्षितच होतं, ही फेरी पेनाची होती. गायता प्रत्येक डब्यावर मूठमूठ तांदूळ टाकत होता, माणसांच्या रिकाम्या डब्यावर, मालाच्या डब्यांवर, आणि तांदूळ लोखंडावर आपटून परत लोकांच्या अंगावर येत होते. शेवटी गार्डचा डबा आला. गार्ड दारात उभा होता. तो बाबांना ओळखायचा. त्यानं बाबांकडे पाहिलं आणि मान आडवी हलवली. मागचं इंजिन ढकलत निघून गेलं.

आरडाओरडा, ढोल, नाच सुरू झाला. पेन बसला होता. गाडी आता सगळ्यांची होती. गायता गर्दीतून वाट काढत बाबांकडे आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो माणसाच्या तोंडाकडे पाहून बोलला.

“रामटेकेभाऊ, आता तिकिटं द्या.”

लोकांनी आपणहून रांग केली. बाजारात, दवाखान्यात पाहिली असेल तशी, एकामागे एक, पाठीला पोट लावून. ती फलाटावरून उतारापर्यंत आणि तिथून मोहाच्या झाडांपर्यंत गेली. दोन तरुणांनी हौसेनं खिडकीची फळी उचकटून काढली. बाबा मागच्या दारानं आत गेले. मी आणि माय दारात उभ्या होतो. आत काही नव्हतं. भिंतीवर कपाटाची चौकट होती तेवढा भाग पांढरा राहिला होता. बाबा खिडकीशी जाऊन उभे राहिले, जिथे खुर्ची असायची तिथे. रांगेत पहिला गायता होता. त्यानं हात आत घातला, तळहातावर नाणी.

“डोलूभाऊ, हॉल्ट उठला,” बाबा म्हणाले.

“कवा?”

“पावसात.”

गायत्याचा हात तसाच राहिला. तो आत पाहत होता, भिंतीवरच्या पांढऱ्या चौकोनाकडे. “सांगतलं नाई तुमी,” तो म्हणाला. बाबांनी खिडकीच्या पट्टीवर दोन्ही हात ठेवले आणि मान खाली घातली. बाहेर मागच्यांना यातलं काही ऐकू गेलं नव्हतं. ते पुढे सरकत राहिले, आणि त्यांच्या रेट्यानं गायता खिडकीवर दाबला जाऊ लागला.